आधी निवाडा, मग अदलाबदल: आमच्या हॉकी क्लबच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

क्लबच्या ग्रुपवर आलेला आपला निरोप वाचला. आपला पहिल्या पसंतीचा आघाडीवीर दुसऱ्या क्लबला द्यायचा, त्याच्या बदल्यात त्यांचे एकोणीस वर्षांखालचे दोन खेळाडू घ्यायचे (एक गोलरक्षक आणि एक ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलकडे जोरात फेकणारा बचावपटू) आणि महिनाअखेर ना हरकत पत्रावर सह्या करायच्या, असं त्यात आहे. कारण म्हणून 'संघाच्या व्यापक हितासाठी' एवढंच लिहिलं आहे.

त्यानंतर ग्रुपवर काय झालं ते आपण पाहिलंच. निम्म्या लोकांनी आपले आभार मानले, निम्म्यांनी तोंडसुख घेतलं आणि रात्री ग्रुपवर लिहिणं बंद केलं गेलं. आता हीच चर्चा खडकी बाजारातल्या चहाच्या टपऱ्यांवर, कारखान्याच्या वसाहतीत आणि नेहरूनगरच्या ध्यानचंद स्टेडियमच्या पायऱ्यांवर चालू आहे. ती कुजबुजीत चालण्यापेक्षा उघड व्हावी म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी क्लबचा आजीव सभासद आहे. तरुणपणी याच क्लबकडून हाफमध्ये खेळलो आणि आता लीगच्या सामन्यांना टेबलावर बसून नोंदी करतो. ज्या सामन्यात आपल्या या आघाडीवीराला लाल कार्ड मिळालं, त्या दिवशीही टेबलावरच होतो.

खेळाडूचं नाव मी लिहिणार नाही. ज्याच्या तोंडाला स्टिक लागली त्या मुलाचंही नाही. दोघांची नावं याआधीच नको तितकी फिरली आहेत.

माझं म्हणणं असं आहे. आपल्या खेळाडूने मैदानावर जे केलं त्याचा निवाडा आपण अजून केलेला नाही, आणि तो न करताच त्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायला निघालो आहोत. त्याचा अपराध असेल तर शिक्षा आपण द्यायला हवी. नसेल तर त्याला घालवायचं काही कारण उरत नाही. अदलाबदल करून या दोन्हींपैकी काहीच साधत नाही, फक्त प्रश्न आपल्या ग्रुपवरून नाहीसा होतो.

आधी त्या दिवसाबद्दल, कारण ग्रुपवर निम्म्याहून जास्त माहिती ऐकीव होती. तिसऱ्या क्वार्टरची शेवटची मिनिटं चालू होती. आपण एका गोलने मागे होतो. समोरच्या संघाचा राइट हाफ, बारावीत शिकणारा मुलगा, सबंध सामनाभर आपल्या खेळाडूला चिकटून खेळत होता आणि छान खेळत होता. दोनदा त्याने जर्सी ओढली. एकदा पंचांनी फाउल दिला, एकदा नाही दिला. त्या दुसऱ्या वेळी चेंडू साइडलाइनकडे निघून गेला, दोघांपासून चांगला लांब, आणि मग आपल्या खेळाडूची स्टिक वळून वर आली. तो मुलगा तोंड धरून खाली बसला. टर्फवर रक्त पडलं. पंचांनी लाल कार्ड दाखवलं आणि ते योग्यच होतं.

तोंडावर नेम धरून मारलं, असं मी म्हणणार नाही, कारण ते मला दिसलं नाही. पण ती स्टिक चेंडूसाठी फिरली नव्हती, हे मी कुणासमोरही सांगेन. 'खेळात असं होतंच' असं जे म्हणत आहेत त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. चेंडू उसळून लागतो, टॅकलमध्ये स्टिक अडकते, फटक्यानंतर हात पुढे जातो आणि मागचा माणूस जखमी होतो. हे सगळं होतं आणि हॉकी खेळणारा प्रत्येक जण ते धरून चालतो. चेंडू निघून गेल्यावर जे होतं ते यात बसत नाही.

त्या मुलाचे पुढचे दोन दात गेले. ओठाला आतून टाके पडले. वडील दापोडीत रिक्षा चालवतात. त्या रात्री दवाखान्यात आपल्याकडून प्रशिक्षक गेले आणि ज्युनियर संघातली काही मुलं गेली. कार्यकारिणीतून कोणी गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि आजपर्यंत क्लबच्या कागदावर त्या घराला एक ओळ पोहोचलेली नाही. मी नंतर जाऊन आलो. त्याच्या आईने मला विचारलं, "तुमच्या त्या मुलाला काय शिक्षा झाली?" मला उत्तर देता आलं नाही. आज द्यायचं झालं तर काय देऊ? ज्या क्लबात तो चालला आहे तिथे मुलांना टर्फवर आपल्यापेक्षा जास्त दिवस सराव मिळतो. त्या माउलीने ही बातमी ऐकली तर तिला ही शिक्षा वाटेल की बढती?

आता दुसरी बाजू, आणि इथे मला आपल्याशी जरा स्पष्ट बोलावं लागेल.

हा खेळाडू आपल्याला नकोसा झाला तो लाल कार्डामुळे नव्हे. त्या सामन्याच्या बऱ्याच आधी त्याने ग्रुपवर एक फोटो टाकला होता. ज्युनियर गोलरक्षकाच्या हेल्मेटची जाळी तुटलेली आणि त्यावर बांधलेली तार, असा तो फोटो होता. खाली लिहिलं होतं की ज्युनियर मुलांचा मागच्या मोसमाचा प्रवासभत्ता अजून मिळालेला नाही, खडकीहून पिंपरीला लोकलने आणि पुढे रिक्षाने जाण्याचा खर्च मुलं घरून आणत आहेत. त्याची भाषा उद्धट होती. सचिवांबद्दल त्याने जो शब्द वापरला तो वापरायला नको होता आणि मी त्याला तेव्हाच फोन करून तसं सांगितलं. पण हेल्मेटची जाळी तुटलेली होती की नाही? भत्ता थकलेला होता की नाही? याचं उत्तर आपण दिलं नाही. त्याऐवजी 'हा पोरगा डोईजड झालाय' हे वाक्य तेव्हापासून ऐकू यायला लागलं. मी ते दोन सदस्यांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकलं आहे, आणि तेव्हा लाल कार्डाचा पत्ताही नव्हता.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चुकीची, जिला शिक्षा हवी. दुसरी रास्त, जिला उत्तर हवं. आपण दोन्हींची एकच मोट बांधली आणि एका ना हरकत पत्रात दोन्ही निकालात काढायला निघालो. ज्यांना त्या मुलाच्या दातांची चीड आहे त्यांना वाटणार की क्लबने कारवाई केली, आणि ज्युनियर मुलांना नीट कळणार की भत्ता मागितला की काय होतं. दुसरा अर्थ जास्त काळ टिकेल, अशी मला भीती वाटते.

खडकीच्या माणसांना तरी हे नवं असू नये. धनराज पिल्ले इथलाच. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढला, मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन कारखान्याच्या धुळीच्या मैदानावर शिकला, आणि मग थोरल्या भावाच्या मागोमाग मुंबईला गेला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड खेळला. १९९८च्या डिसेंबरात बँकॉकला त्याच्या कप्तानीत भारताने एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तेही बत्तीस वर्षांनी. दक्षिण कोरियाविरुद्ध टायब्रेकरपर्यंत गेलेल्या त्या अंतिम सामन्यात गोलमध्ये आशिष बल्लाळ उभा होता. आपल्यापैकी कित्येकांनी तो सामना टीव्हीपुढे जीव मुठीत धरून पाहिला. आणि त्यानंतर काय झालं? धनराज आणि त्याच्याबरोबरचे अर्धा डझन ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर. अधिकृत कारण दिलं गेलं विश्रांतीचं. पण सामन्याचं मानधन आणि दौऱ्यांची तयारी यांबद्दल हे लोक बोलले होते आणि त्याचीच ही शिक्षा होती, असं तेव्हा सगळ्या हॉकीविश्वाने मानलं.

तेव्हा याच वसाहतीत लोक किती चिडले होते, आठवतं का? आज कार्यकारिणीत बसलेले काही जण तेव्हा सगळ्यांत पुढे होते. धनराजही तोंडाने फटकळ होता, पत्रकारांसमोर रडायचा, चिडायचा, ओरडायचा. आपण त्याला 'आमचा' म्हणायचो. तो पुढे परत आला, सिडनी आणि अथेन्स खेळला, २००३मध्ये क्वालालंपूरला त्याच्याच कप्तानीत भारताने आशिया चषक जिंकला. पण मधल्या त्या काळात जी टीम फुटली, ती टीम काय करू शकली असती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी आपल्या खेळाडूची धनराजशी बरोबरी करत नाही. धनराजने कुणाचे दात पाडले नव्हते. मी बरोबरी करतो आहे ती तक्रार करणाऱ्याला बाजूला सारण्याच्या पद्धतीची. ती पद्धत आपल्याला माहीत आहे, तिचा त्रास आपल्याच गल्लीने सोसला आहे, आणि तरी आपण ती वापरतो आहोत.

एका सदस्याने मला सांगितलं, "काका, जगभर व्यावसायिक संघ हेच करतात. कॅनडा-अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत रोज ट्रेड होतात, कुणी सभा घेत नाही." मी ती हॉकीही बरीच वर्षं पाहतो, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

८ मार्च २००४. व्हँकुव्हरच्या संघाचा टॉड बर्टुझी हा त्या वेळचा मोठा आघाडीवीर. कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने काही आठवड्यांपूर्वी व्हँकुव्हरच्या कर्णधाराला धडक मारून जखमी केलं होतं, त्याचा राग मनात होता. बर्टुझीने मूरला मागून ठोसा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर आदळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो पुन्हा कधीही खेळला नाही. लीगने बर्टुझीला बेमुदत निलंबित केलं, कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, त्याला समाजसेवेची शिक्षा झाली. त्याचं निलंबन २००५च्या ऑगस्टमध्ये उठलं. त्यानंतर एक मोसम तो व्हँकुव्हरकडूनच खेळला आणि मग जून २००६मध्ये त्याला फ्लोरिडाला देऊन व्हँकुव्हरने रॉबर्टो लुआँगो हा गोलरक्षक मिळवला.

आता यात क्रम पाहा. आधी निलंबन, आधी कोर्ट, मग अदलाबदल. कोर्टाचा निवाडा झाल्यावर दीड वर्षाने ट्रेड झाला. आपण नेमकं उलटं करतो आहोत. आणखी एक पाहा. खेळाच्या हिशेबात तो सौदा व्हँकुव्हरला फारच फायद्याचा ठरला. लुआँगोला घेऊन ते २०११मध्ये स्टॅन्ले करंडकाच्या, म्हणजे त्या लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेले. पण मूरचं काय? त्याचा दिवाणी दावा २०१४पर्यंत चालला आणि शेवटी कोर्टाबाहेर मिटला. दहा वर्षं. खेळाडू खंडाच्या दुसऱ्या टोकाला गेला, त्याच्या जागी चांगला गोलरक्षक आला, गर्दी पुन्हा टाळ्या वाजवायला लागली, आणि ज्याची मान मोडली त्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. आपल्यालाही बदल्यात एक चांगला गोलरक्षक मिळतो आहे. त्या दापोडीच्या घराला त्यातून काय मिळतं?

घाईचं उदाहरण हवं असेल तर पॅट्रिक रुआचं घ्या. २ डिसेंबर १९९५ला मॉन्ट्रियलच्या या गोलरक्षकाला प्रशिक्षकाने घरच्या मैदानावर नऊ गोल होईपर्यंत बाहेर काढलं नाही. तो भडकला, बाकामागे बसलेल्या अध्यक्षांना म्हणाला की हा माझा इथला शेवटचा सामना. चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. पुढच्याच जूनमध्ये कोलोरॅडोने करंडक जिंकला. मॉन्ट्रियलने १९९३मध्ये त्याच्याच जोरावर जिंकला होता, त्यानंतर तीस वर्षं उलटली तरी त्यांच्या हाती लागला नाही. दोन माणसांचा अहंकार चार दिवस थांबायला तयार नव्हता, एवढंच त्या गोष्टीत आहे.

आणि मुळात तिथली तुलना आपल्याला लागूच पडत नाही. तिथल्या खेळाडूला करार असतो, पगार असतो, १९६७पासून त्यांची संघटना आहे, कित्येकांच्या करारात 'माझ्या संमतीशिवाय पाठवता येणार नाही' असं कलम असतं. आपल्या मुलांना आपण काय देतो? ट्रॅकसूट, मोसमाला एक स्टिक जमली तर, आणि तो भत्ता, जो थकलेला आहे. ज्याला आपण पगार देत नाही त्याची अदलाबदल करण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? पोरगं क्लबात येतं ते गल्लीतल्या ओळखीने, थोरल्या भावाचं बोट धरून. त्याला न विचारता, ग्रुपवरच्या निरोपातून त्याने आपली रवानगी वाचायची, हे मला अजिबात पटलेलं नाही. समोरून येणाऱ्या त्या दोन मुलांनाही कुणी विचारलेलं दिसत नाही. त्यांतला गोलरक्षक चिखलीला राहतो, नेहरूनगर त्याला सायकलवर पडतं. तो रोज सकाळी खडकीला कसा येणार, याचा विचार कुणी केला आहे का?

व्यावसायिक उदाहरणच हवं असेल तर लांब जायला नको, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचं घ्या. ४ ऑगस्टला ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताचा बचावपटू अमित रोहिदास याची स्टिक समोरच्या खेळाडूच्या तोंडाला लागली आणि दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच त्याला लाल कार्ड मिळालं. मुद्दाम मारलं की चुकून लागलं यावर आजही वाद घालणारे भेटतात, आणि माझ्या मते ते चुकून लागलं होतं. उरलेला बहुतेक सामना भारत दहा जणांत खेळला, १-१ बरोबरी टिकवली आणि शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेशच्या जोरावर जिंकला. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. आपल्या महासंघाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध तो नव्हता आणि आपण ३-२ हरलो. तो असता तर, असं मनात आलंच सगळ्यांच्या. पण बंदी संपली आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्ध तो पुन्हा मैदानात होता. पंचांनी कार्ड दाखवलं, वरच्यांनी बंदी ठरवली, खेळाडूला दाद मागायची संधी मिळाली, शिक्षा भोगून झाली आणि तो परत आला. त्याचा संघ त्याच्यामागे उभा राहिला आणि शिक्षाही चुकली नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. आपल्याला तेवढंच करायचं आहे, लहान प्रमाणावर.

आता ज्यांच्याकडे तो चालला आहे त्यांच्याबद्दल. त्यांच्याकडे बारा-तेरा वर्षांची मुलंही सराव करतात. आपण त्यांना काय सांगितलं आहे? पंचांचा अहवाल दिला आहे का? माझी माहिती अशी की 'थोडा तापट आहे, पण गोल मारतो' एवढंच बोलणं झालं आहे. उद्या तिथे असंच काही घडलं तर त्या आईबापांना आपण कोणत्या तोंडाने भेटणार? चौकशी न करता माणूस पुढे ढकलणं ही सवय खेळातच नाही, शाळा-कार्यालयांतही आहे, आणि तिचे परिणाम नेहमी पुढच्या जागेवरच्या सर्वांत लहान माणसाला भोगावे लागतात.

त्याच्या स्वतःच्या दृष्टीनेही हे वाईटच आहे. आपल्याकडे हॉकी खेळणारा मुलगा शेवटी नोकरीवर डोळा ठेवून असतो: रेल्वे, पोलीस, लष्कर, पोस्ट. त्याच्या ट्रायल पुढे आहेत. तिथे कुणी विचारलं की काय झालं होतं, तर 'चौकशी झाली, इतक्या सामन्यांची बंदी भोगली, त्या मुलाची माफी मागितली' हे सांगता येतं. 'क्लबने काढून टाकलं' यावर मात्र काहीच सांगता येत नाही. अफवेला तारीख नसते, त्यामुळे ती संपतही नाही.

ग्रुपवरच्या मंडळींनाही दोन शब्द. 'तो गेला तर गोल कोण मारणार' म्हणून ज्यांनी त्याची बाजू घेतली, त्यांच्याशी मी सहमत नाही. त्याने मोसमात शंभर गोल मारले असते तरी त्या मुलाच्या दातांचा हिशेब वेगळाच राहिला असता. आणि 'हाकला त्याला' म्हणणाऱ्यांशीही नाही. तो आपल्याकडे शाळेत असताना आला. त्याचा राग आपण तेव्हापासून पाहत आलो आहोत आणि तो गोल मारत होता तोवर कुणी त्या रागावर काम केलं नाही. आपल्याच हाताखाली वाढलेल्या पोराला आता परक्यासारखं दाखवायचं, हे मला जमणार नाही. प्रायोजकांना वाद नको आहे, असंही कानावर आलं. त्यांना मी भेटायला तयार आहे. चौकशी करणारा क्लब कुणाही शहाण्या प्रायोजकाला जास्त भरवशाचा वाटेल.

माझी विनंती अशी. ना हरकत पत्रावरच्या सह्या थांबवा. पंचांचा आणि सामना संचालकांचा लेखी अहवाल मागवा. चौकशीला तीन माणसं नेमा, त्यांतला एक जण क्लबबाहेरचा असू द्या, एखादे निवृत्त पंच मिळाले तर उत्तम. आपल्या खेळाडूला बोलू द्या, त्या मुलाला बोलू द्या, त्याच्या आईवडिलांना बोलावण्याऐवजी आपण त्यांच्याकडे जा. मला विचाराल तर माझ्या मते त्याला उरलेल्या मोसमाची बंदी योग्य ठरेल, पण सरावाला येण्याची नाही. उलट त्याने रोज यावं आणि ज्युनियर मुलांबरोबर काम करावं, प्रशिक्षकांच्या नजरेखाली. माफी ग्रुपवर नको, घरी जाऊन, समोर बसून मागायची. मी त्याच्याशी बोललो आहे, त्याची तयारी आहे. क्लबने सांगण्याची तो वाट पाहत होता, आणि क्लबने त्याला थेट निरोपाचा नारळ दिला.

भत्त्याचा आणि हेल्मेटचा विषय मात्र या चौकशीत घालू नका. त्याचं उत्तर खजिनदारांनी वेगळं द्यावं, जमाखर्च मांडून. तो तक्रार करणारा दोषी ठरला तरी त्याची तक्रार खोटी ठरत नाही. आणि ते हेल्मेट तर कुठल्याही सभेची वाट न पाहता बदला. त्या जाळीमागे पंधरा वर्षांच्या मुलाचा चेहरा असतो आणि समोरून येणारा ड्रॅग फ्लिक कुणाची ओळख पाहत नाही.

हे सगळं झाल्यावर त्याला स्वतःलाच दुसरीकडे जायचं असेल तर जरूर जाऊ द्या. त्या क्लबला चौकशीचा निष्कर्ष लेखी कळवा, ना हरकत पत्र द्या आणि हसतमुखाने निरोप द्या. ती दोन मुलंही स्वखुशीने येणार असतील तर त्यांचं स्वागत मी स्वतः करेन.

क्लबच्या घटनेप्रमाणे सभासदांना विशेष सभा मागता येते. त्यासाठी लागणाऱ्या सह्या जमल्या आहेत, त्यांत दोन्ही बाजूंची माणसं आहेत, आणि अर्ज येत्या सोमवारी कार्यालयात देतो आहे. सभा खडकीतच, संध्याकाळी सहानंतर ठेवावी, म्हणजे पहिल्या पाळीवरून सुटणाऱ्यांनाही येता येईल. ज्युनियर मुलांच्या पालकांना बसू द्यावं. मी टेबलावरून जे पाहिलं ते तिथे सगळ्यांसमोर सांगेन आणि विचाराल त्या प्रश्नाचं उत्तर देईन.

दातांच्या खर्चाचं पहिलं बिल प्रशिक्षकांकडे आलेलं आहे. ते सभेपर्यंत अडवून ठेवू नये. चौकशीत काहीही निघालं तरी ती स्टिक आपल्या जर्सीतल्या खेळाडूच्या हातात होती, तेव्हा ती रक्कम क्लबने याच आठवड्यात त्या घरी पोहोचवावी. खजिन्यात पैसे नसतील तर तसं सांगा, आम्ही सभासद वर्गणी काढतो. फक्त पैसे घेऊन जाताना कार्यकारिणीतलं कुणीतरी स्वतः जावं.

आपला,
एक आजीव सभासद
खडकी, पुणे